जुन्या हायब्रिड गाडीतला महागडा बिघाड : बॅटरी बदलण्याआधी काय तपासावे?

राबोडी, मुंब्रा-कौसा, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात गाड्यांच्या विजेची कामे करणारे आपले अनेक कारागीर बांधव आहेत. सेल्फ, अल्टरनेटर, वायरिंग यांत त्यांचा हात बसलेला आहे. पण एमएच-०४ आणि एमएच-०५ पाटीच्या जुन्या हायब्रिड गाड्या आता गॅरेजच्या दारात येऊ लागल्या आहेत आणि तिथे नुसता हात बसलेला असून भागत नाही. भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, टोयोटा प्रियस २०१० मध्ये आणि कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये आली. या गाड्यांचे वय झाले आहे. डॅशबोर्डवर तांबडा त्रिकोण पेटतो, कोणी तरी "बॅटरी गेली" असे सांगतो आणि मालकासमोर लाखांच्या घरातला खर्च उभा राहतो. बॅटरी खरोखरच गेली आहे काय, हे शोधण्याची रीत आम्ही या लेखात क्रमाने देत आहोत.

आधी रचना समजून घ्या

या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक नेहमीची १२ व्होल्टची आणि दुसरी मोठी, उच्च दाबाची. प्रियसच्या मोठ्या बॅटरीत ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणजे एकूण २०१.६ व्होल्ट. कॅमरीत असे ३४ मॉड्यूल, म्हणजे २४४.८ व्होल्ट. इन्व्हर्टर हा दाब आणखी वाढवून ६५० व्होल्टपर्यंत नेतो. गाडीत अल्टरनेटर नसतो. १२ व्होल्टची बॅटरी मोठ्या बॅटरीवरूनच, कन्व्हर्टरमार्फत चार्ज होते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, मोठ्या बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला नसतो. दोन्ही तारा बॉडीपासून पूर्ण वेगळ्या असतात. म्हणून वायर बॉडीला टेकवून ठिणगी बघण्याची किंवा टेस्ट लॅम्प लावण्याची आपली जुनी सवय इथे जीवघेणी आहे.

जिवाची काळजी पहिली

नारिंगी रंगाची प्रत्येक केबल जिवंत समजावी. हात लावण्यापूर्वी गाडी बंद करून चावी दूर ठेवावी, १२ व्होल्टचा निगेटिव्ह काढावा, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालावेत. मोज्यात हवा भरून छिद्र नाही ना, हे रोज बघावे. मग सर्व्हिस प्लग काढून तो आपल्याच खिशात ठेवावा, म्हणजे दुसरा कोणी तो परत बसवणार नाही. त्यानंतर इन्व्हर्टरमधला कपॅसिटर रिकामा होण्यासाठी किमान १० मिनिटे थांबावे आणि १००० व्होल्टच्या मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करावी. मीटर आधी आणि नंतर चालू बॅटरीवर लावून तो ठीक आहे हेही पाहावे.

प्लग काढला तरी बॅटरीच्या आतला दाब जात नाही. तिचे फक्त दोन भाग होतात आणि प्रत्येक भागात धोकादायक दाब असतोच. ज्याच्याकडे मोजे आणि योग्य मीटर नाही, त्याने बॅटरीचे झाकण उघडू नये. खाली दिलेल्या पहिल्या तीन पायऱ्या मात्र झाकण न उघडता करता येतात.

तपासणीचा क्रम

१) कोड वाचा, लगेच पुसू नका. हायब्रिडचा कंट्रोलर वाचणारा स्कॅनर हवा. कोडबरोबर बिघाडाच्या क्षणाची नोंदही साठवलेली असते. त्या वेळी वेग किती होता, तापमान किती होते, एसी चालू होता काय, हे तिच्यावरून कळते. ती वहीत उतरवून घ्यावी. कोड पुसला की हा पुरावा जातो.

२) १२ व्होल्टची बॅटरी तपासा. चांगली बॅटरी विश्रांतीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. 'रेडी' दिवा लागल्यावर आकडा १४ च्या आसपास जायला हवा. ही छोटी बॅटरी कमजोर झाली की कंट्रोलर गोंधळतात आणि भलतेच दिवे पेटतात. मोठ्या बॅटरीचा संशय घेण्याआधी हा स्वस्तातला संशय दूर करावा.

३) पंखा आणि जाळी बघा. मोठी बॅटरी मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत ओढलेल्या हवेने थंड होते. जाळीवर कपडे किंवा सामान ठेवले, किंवा धूळ व केस पंख्यात बसले, तर बॅटरी तापते आणि लवकर म्हातारी होते. शीळफाट्याच्या धुळीत रोज फिरणाऱ्या गाडीचा पंखा आवर्जून साफ करावा.

४) चालत्या गाडीत ब्लॉकचे आकडे पाहा. कंट्रोलर दोन-दोन मॉड्यूलचा एक ब्लॉक धरून दाब मोजतो. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने स्कॅनर बघावा. जोर दिल्यावर एकाच ब्लॉकचा दाब इतरांपेक्षा खूप खाली कोसळत असेल आणि चार्ज होताना तोच ब्लॉक इतरांच्या वर उसळत असेल, तर दोनच शक्यता उरतात. मॉड्यूल अशक्त आहे किंवा तिथला जोड गंजला आहे.

५) आता झाकण उघडा. आपल्या दमट हवेत मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर आणि मापनाच्या तारांच्या टोकांवर हिरवट गंज चढतो. जोड नीट साफ करावेत किंवा पट्ट्या बदलाव्यात. नट टॉर्क पान्यानेच कसावेत, कारण जास्त जोर दिला तर मॉड्यूलचा स्टड तुटतो. मग पुन्हा चौथी पायरी करावी. आकडे जुळले तर बॅटरी वाचली. न जुळले तर दोष मॉड्यूलमध्येच आहे.

कोड पी०ए८० आणि पी०एए६ यांतला फरक

पी०ए८० म्हणजे मोठ्या बॅटरीची ताकद घटल्याची सूचना. वरचा क्रम मुख्यतः त्यासाठी आहे. पी०एए६ हा वेगळा प्रकार आहे. उच्च दाबाची वीज कुठे तरी बॉडीकडे गळते आहे, असा त्याचा अर्थ. इथे बॅटरी बदलून अनेकदा काहीच साधत नाही. या पिढीच्या टोयोटा गाड्यांत त्या कोडसोबत उपक्रमांक येतो. ६११ म्हणजे एसी कॉम्प्रेसरचा भाग, ६१२ बॅटरीचा, ६१३ गिअरबॉक्समधल्या मोटारींचा आणि ६१४ उच्च दाबाच्या डीसी वायरिंगचा. त्या त्या भागाची केबल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने बॉडीशी रोध मोजावा आणि दुरुस्ती-पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहावा.

६११ आला तर मालकाला एकच प्रश्न विचारावा, "एसीचे काम कुठे केले होते?" या टोयोटा हायब्रिडचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर चालत नाही, विजेवर चालतो आणि त्याच्या मोटारीची गुंडाळी तेलात भिजलेली असते. त्यात एनडी-११ प्रकारचे, वीज न वाहणारे तेल लागते. साध्या गाडीचे पीएजी तेल टाकले की इन्सुलेशन ढासळते आणि एसी लावताच दिवा पेटतो. थोडक्या तेलाच्या चुकीने महागडा कॉम्प्रेसर जातो. एसीचे काम करणाऱ्या बांधवांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

६१२ आला तर गाडी पाण्यात उभी होती काय, हे विचारावे. २०१९ च्या जुलैमध्ये उल्हास नदीचे पाणी कल्याण-बदलापूर परिसरात शिरले होते. अशा पाण्यातून निघालेल्या गाडीचे इंजिन धुतले जाते, पण सीटमागची बॅटरी कोणी उघडून बघत नाही.

हिशेब आणि इमान

मॉड्यूल खराब निघाला तर गिऱ्हाइकापुढे तिन्ही मार्ग ठेवावेत : एक मॉड्यूल बदलणे, पूर्ण जुळवलेला संच घालणे, किंवा नवी बॅटरी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना मॉड्यूल आणला, तर तो क्षमता मोजून, बाकीच्यांशी दाब जुळवूनच बसवावा. म्हाताऱ्या संचात एकच बदलला तर अनेकदा थोड्या महिन्यांत शेजारचा बसतो. हे आधीच स्पष्ट सांगितले तर भांडण होत नाही. गाडीच्या नोंदणीची १५ वर्षे केव्हा भरतात, तेही मालकाला आठवून द्यावे. वर्षभरात नूतनीकरण करायची असलेल्या गाडीत नवी बॅटरी घालावी की नाही, हा निर्णय त्याचा आहे. माहिती देणे आपले काम आहे.

निकामी मॉड्यूल भंगारात फेकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ते अधिकृत पुनर्वापरकर्त्याकडे किंवा संकलन केंद्राकडे जायला हवेत.

शेवटचा मुद्दा मजुरीचा. आपल्याकडे तपासणीचे पैसे मागायला कारागीर संकोचतो आणि मग ती कसर सुटा भाग विकून भरून काढतो. बॅटरी बदलण्याचा मोह इथेच जन्म घेतो. दोन तास डोके लावून शोधलेल्या दोषाची मजुरी वेगळी, आधी सांगून, लेखी पावतीवर घ्यावी. गिऱ्हाइकाची गाडी आपल्याकडे अमानत असते. पट्ट्या साफ करून वाचलेली बॅटरी ज्याला मिळाली, तो पुढच्या दहा गाड्या आपल्याच दारात पाठवतो.