देहाचे उणेपण आणि आत्मविश्वास

नरदेह दुर्लभ आहे, हे आपण कीर्तनात नित्य ऐकतो. पण ज्याचा पाय गेला किंवा दृष्टी गेली, तो हे ऐकून मनात काय म्हणत असेल? "देह दुर्लभ खरा, पण माझ्या वाट्याला मोडका आला. आता माझ्या हातून काय होणार?" वर शेजारी सांगून जातो, "पूर्वजन्मीचे भोग, दुसरं काय!" झालं. देहाला एक दुःख होतेच, मनाला दुसरे जडले. या दुसऱ्या दुःखाचा विचार आम्ही येथे करणार आहोत, कारण त्याला उपाय आहे.

प्रथम शब्द पाहू. 'विश्वास' या शब्दात 'श्वस्' धातू आहे. त्याचा अर्थ श्वास घेणे. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो, त्याच्यावर आपला विश्वास असतो. मग आत्मविश्वास म्हणजे काय? आपल्याजवळच आपल्याला मोकळा श्वास घेता येणे. येथे 'मी दुसऱ्याहून वरचढ' असा अर्थ कोठेही नाही. तो अहंकार झाला. धडधाकट माणसाशी पैज लावून मिळवलेला विश्वास पैज हरताच जातो.

आता ती पापाची शंका. कर्माचा सिद्धान्त प्रत्येकाने आपल्या आचरणापुरता लावायचा असतो, दुसऱ्याच्या दुःखावर बोट ठेवण्यासाठी नव्हे. पोलिओने किती मुलांचे पाय गेले! तो विषाणूने होतो. घरोघर डोस पाजले आणि २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. अहो, दोन थेंब पाजल्याने कोणाचे पाप जाते काय? नाही ना? मग ते पाप नव्हतेच, तो रोग होता. म्हणून ज्याला असे बोल ऐकावे लागतात त्याने ते मनाला लावून घेऊ नयेत.

आपल्या संप्रदायात या विषयाचे मोठे उदाहरण कूर्मदासाचे आहे. कथा अशी, की पैठणच्या या भक्ताला हातपाय नव्हते. पंढरीची आस लागली, तेव्हा तो पोटावर सरपटत निघाला. रोज कोसभर वाट. असे करीत तो लऊळपर्यंत आला. एकादशी उद्यावर आली आणि पंढरी तर कित्येक कोस दूर. मग त्याने वारकऱ्यांजवळ निरोप दिला, "मला येववत नाही, देवा तूच ये." आणि पांडुरंग ज्ञानदेव-नामदेवांना घेऊन, वाटेत अरणला सावतोबांना भेटून, लऊळला आले. माढा तालुक्यातले हे गाव आजही कूर्मदासाच्या नावाने ओळखले जाते.

देव आले हा कथेचा कळस खरा, पण आपण पाया पाहू. एक, त्याने आपले माप आपणच ठरवले. दिंडी दिवसात किती चालते हे त्याने विचारले नाही. दोन, तो भर रस्त्याने गेला, लोक पाहतील म्हणून घरात बसला नाही. तीन, जेथे शक्ती संपली तेथे मदत मागितली, आणि मागताना लाजला नाही. या तीन गोष्टींतच आत्मविश्वासाचे सगळे शास्त्र आले, बरं का.

कोणी म्हणेल, मदत घेतली म्हणजे परावलंबन झाले, मग आत्मविश्वास कसला? याला उत्तर वऱ्हाडचे श्रीगुलाबराव महाराज. जन्म १८८१चा, देहावसान १९१५चे, आयुष्य अवघे चौतीस वर्षांचे. तान्हेपणीच दृष्टी गेलेली. दुसऱ्यांनी वाचावे, यांनी ऐकावे, यांनी सांगावे, दुसऱ्यांनी लिहावे, अशा रीतीने त्यांनी शंभरावर ग्रंथ केले. डोळे उसने होते, प्रज्ञा स्वतःची होती. सांख्यशास्त्रात पंग्वंधन्याय सांगितला आहे. आंधळा पांगळ्याला खांद्यावर घेतो, पांगळा वाट दाखवतो, दोघेही मुक्कामी पोचतात. यात उपकार कोणाचा कोणावर?

अलीकडचे उदाहरण हवे तर सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर घ्या. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे बळ गेले. उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. गेलेल्या मुष्टियुद्धासाठी ते रडत बसले नाहीत. उरलेल्या बळाला काय साधते, ते शोधले.

आता नित्याचे साधन. रोज एक लहानसे काम स्वतःच्या हाताने पुरे करावे, मग ते तुळशीला पाणी घालण्याचे का असेना. आठवड्यातून एकदा तरी माणसांत, भजनाला जावे. काठी, कुबडी, चाकाची खुर्ची यांची लाज धरू नये. भजनाला टाळ तशी चालण्याला कुबडी, दोन्ही साधनेच. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत आणि पुरेसे अपंगत्व असणाऱ्यांसाठी सरकारी नोकरीत निदान ४ टक्के जागा राखल्या आहेत. तेव्हा दाखला काढावा, हक्क मागावा. हक्क मागणे म्हणजे भिक्षा नव्हे. आणि एखाद्या दिवशी मन खचले तर खचू द्यावे. वाट तेथेच असते, उद्या पुन्हा निघावे.

शेवटी दोन शब्द धडधाकटांना. अपंगाला पाहून 'अरेरे' म्हणू नका. त्याच्याविषयीचा प्रश्न सोबतच्या माणसाला न विचारता त्यालाच विचारा. "हात देऊ का?" म्हणा, आणि तो "नको" म्हणाला तर बाजूला राहा. मंडपाला, देवळाला पायऱ्यांशेजारी एक उतरण बांधा. कूर्मदासासाठी देव लऊळला आले. आपल्या गावच्या कूर्मदासासाठी आपल्याला चार पावले चालता येऊ नये काय?

तात्पर्य, देह उणा असला म्हणून माणूस उणा नसतो. आपल्या मापाने चालावे, उजळ माथ्याने चालावे आणि अडेल तेथे हाक मारावी. रामकृष्णहरि.