युद्ध जिंकलेल्या अमेरिकेत काय बदललं?

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. दुसऱ्या महायुद्धानंतरची अमेरिका म्हटली की मार्शल योजना, नाटो आणि शीतयुद्ध एवढ्यावरच तास संपतो. परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, हिटलरच्या वंशवादाविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेच्या सैन्यात गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या पलटणी वेगवेगळ्या होत्या ना? मग युद्ध जिंकल्यावर त्या देशाने घरात काय बदललं?" हा भाग मुलांना कुठून सुरू करून शिकवावा?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं आहे. पलटणी तर वेगळ्या होत्याच, पण जखमी सैनिकांसाठी गोळा होणारं रक्तसुद्धा वेगळं ठेवलं जात होतं. सुरुवातीला अमेरिकन रेडक्रॉसने कृष्णवर्णीयांचं रक्त घ्यायलाच नकार दिला. १९४२ पासून घ्यायला लागले ते दात्याचा वंश बाटलीवर नोंदवून, आणि ही पद्धत १९५० पर्यंत चालली. त्याच १९४२ च्या जानेवारीत कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातल्या जेम्स थॉम्पसन नावाच्या तरुणाचं पत्र 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात छापून आलं. तो विमानाच्या कारखान्यातल्या उपाहारगृहात काम करायचा. त्याचं म्हणणं असं की, आपल्याला दोन विजय हवेत, एक बाहेरच्या शत्रूवर आणि दुसरा देशातल्या अन्यायावर. वृत्तपत्राने ते उचलून धरलं आणि 'दुहेरी विजया'ची मोहीम देशभर पसरली. दहा लाखांहून जास्त कृष्णवर्णीय त्या युद्धात गणवेशात होते. परत येताना ते हा दुसरा विजय मागत आले.

म्हणून माझी सूचना अशी की, राष्ट्राध्यक्षांपासून सुरुवात करू नका. घरी निघालेल्या एका सैनिकापासून करा. त्याचं नाव आयझॅक वुडर्ड.

वुडर्ड सव्वीस वर्षांचा सार्जंट होता. पॅसिफिकच्या आघाडीवर सेवा करून आलेला. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी जॉर्जियातल्या लष्करी तळावरून त्याला सन्मानाने मोकळं करण्यात आलं. अंगावर गणवेश तसाच होता. बायकोला भेटायला तो साउथ कॅरोलायनातल्या विन्सबरोकडे बसने निघाला. वाटेत एका थांब्यावर लघवीला उतरू द्या म्हणाला, त्यावरून ड्रायव्हरशी बोलाचाली झाली. ड्रायव्हर तेव्हा गप्प बसला, पण बेट्सबर्ग गाव येताच त्याने पोलिसांना बोलावलं. पोलीसप्रमुख लिनवुड शल याने वुडर्डला पकडलं. वुडर्डने नंतर सांगितलं की, लष्करातून सुटलास का, या प्रश्नाला त्याने नुसतं 'हो' म्हटलं, 'हो, सर' म्हटलं नाही, तेव्हा दंडुका पडला. मारहाण डोळ्यांवर झाली. रात्र कोठडीत गेली. सकाळी त्याला काहीच दिसत नव्हतं. तशाच अवस्थेत त्याला गावच्या न्यायालयापुढे उभं केलं आणि दारू पिऊन दंगा केल्याबद्दल पन्नास डॉलरचा दंड ठोठावला. दृष्टी कायमची गेली होती. सैन्यातून सुटल्याला एक दिवससुद्धा झाला नव्हता.

हे वर्गात सावकाश सांगा. एवढ्यावर थांबलात तर मात्र ती फक्त एक करुण कहाणी होईल. पुढे काय घडलं यातच खरा इतिहास आहे. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने प्रकरण हाती घेतलं. नट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स त्या उन्हाळ्यात रेडिओवर दर आठवड्याला या विषयावर बोलत राहिला. सप्टेंबरमध्ये संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना भेटले आणि त्यांना वुडर्डची हकिगत सांगितली. ट्रुमन मिसुरी राज्यातले. त्यांच्या घराण्यात गुलाम बाळगले गेले होते. पण ते स्वतः पहिल्या महायुद्धात तोफखान्याचे कॅप्टन होते, आणि गणवेशातल्या सैनिकाची ही गत ऐकून ते हादरले. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी नागरी हक्क समिती नेमली. पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला. २६ जुलै १९४८ रोजी ट्रुमन यांनी आदेश काढून सैन्यात वंशनिरपेक्ष समान वागणुकीचं धोरण लागू केलं. आदेशाने पलटणी एका रात्रीत एक झाल्या नाहीत. लष्करातल्या वरिष्ठांनी चालढकल केली, कोरियाच्या युद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा गती आली, आणि १९५४ पर्यंत फक्त काळ्यांच्या अशा तुकड्या उरल्या नाहीत. याची किंमतही ट्रुमन यांना मोजावी लागली. १९४८ च्या निवडणुकीत त्यांच्याच पक्षातले दक्षिणेतले नेते फुटले, साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर स्ट्रॉम थर्मंड यांनी वेगळी उमेदवारी केली आणि चार राज्यं जिंकली. तरीही ट्रुमन निवडून आले.

दुसरा धागा मला याहून महत्त्वाचा वाटतो, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच येतो. नोव्हेंबर १९४६ मध्ये शलवर संघराज्याच्या न्यायालयात खटला चालला. सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी अर्ध्या तासाच्या आत त्याला निर्दोष सोडलं. खटल्याचे न्यायाधीश होते जे. वेटीज वेअरिंग, चार्ल्सटनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातले, दक्षिणेच्या बाजूने यादवी युद्धात लढलेल्या बापाचे चिरंजीव. त्या निकालाने हा माणूस मुळापासून बदलला. पुढच्याच वर्षी त्यांनी आपल्या राज्यातली डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक कृष्णवर्णीय मतदारांना खुली केली. १९५१ मध्ये क्लॅरंडन काउंटीतल्या गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांचा खटला त्यांच्यासमोर आला. फिर्यादींमध्ये पहिलं नाव होतं हॅरी ब्रिग्ज यांचं. तेही नौदलातून परतलेले सैनिक, पेट्रोल पंपावर काम करणारे; अर्जावर सही केली म्हणून त्यांची नोकरी गेली. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी वेगळ्या शाळा कायम ठेवल्या. वेअरिंग यांनी एकट्याने विरोधी निकाल लिहिला : वेगळं ठेवणं हीच विषमता. पुढे हा खटला इतर चार खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १७ मे १९५४ रोजी 'ब्राउन' निकालात नऊही न्यायमूर्तींनी तेच एकमताने मान्य केलं. वेअरिंग यांना मात्र आपल्या गावात राहणं अशक्य झालं. ते न्यूयॉर्कला निघून गेले. अंध झालेला एक सैनिक, एक अस्वस्थ न्यायाधीश, नोकरी गमावलेला एक बाप आणि मग सर्वोच्च न्यायालय, ही साखळी मुलांना एकदा दिसली की १९५५ चा माँटगोमेरीचा बसबहिष्कार त्यांना आकाशातून पडल्यासारखा वाटत नाही.

आता चित्राची दुसरी बाजू. युद्धोत्तर अमेरिकेची भरभराट ज्या कायद्याने झाली, तो जीआय बिल नावाने ओळखला जाणारा कायदा २२ जून १९४४ चा. परतलेल्या सैनिकाला कॉलेजची फी, वर निर्वाहभत्ता, घरासाठी आणि धंद्यासाठी सरकारी हमीचं कर्ज. १९४७ मध्ये अमेरिकन कॉलेजांतले जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. शेतमजुरांची आणि कामगारांची मुलं पहिल्यांदा इंजिनिअर, शिक्षक, वकील झाली. हा फार मोठा सामाजिक बदल होता आणि तो तसाच, मोठा म्हणूनच सांगायला हवा.

कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेही नव्हता. पण तो संसदेत आणणाऱ्या समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे जॉन रँकिन होते, आणि अंमलबजावणी राज्यांच्या व स्थानिक यंत्रणेच्या हाती राहील याची त्यांनी काळजी घेतली. सरकार फक्त हमी देणार, कर्ज द्यायचं की नाही हे गावातली बँक ठरवणार. योजना दिल्लीची असली तरी दाखल्यावर सही तलाठ्याचीच लागते, हे आपल्या मुलांना घरूनच ठाऊक असतं. तेवढा दाखला दिलात तरी त्यांना मुद्दा कळेल. परिणाम आकड्यात पाहा : १९४७ मध्ये मिसिसिपीत अशी ३,२२९ कर्जं मंजूर झाली. त्यांतली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळाली फक्त २.

घरांचंही तेच. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांच्या जागी, १९४७ पासून लेव्हिटटाउन उभं राहिलं. एकसारखी हजारो घरं, सैनिकांना परवडणारी. सुरुवातीच्या भाडेकरारात कलम होतं की गोऱ्या वंशाव्यतिरिक्त कुणालाही इथे राहू देणार नाही. अपवाद फक्त घरगडी-मोलकरणींचा. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांतून करून घेता येणार नाही. तरी वस्ती गोरीच राहिली. अमेरिकेत मध्यमवर्गाची खरी पुंजी म्हणजे राहतं घर. ज्यांना ते तेव्हा घेता आलं नाही, त्यांच्या नातवंडांपर्यंत ती उणीव पोचली आहे.

बायकांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यावर स्वतंत्र तास घ्यावा असं माझं मत आहे. युद्धात जहाजं आणि विमानं बांधणाऱ्या लाखो बायकांना १९४५ नंतर कामावरून कमी केलं, आणि त्यांच्या मुलांसाठी केंद्राच्या पैशावर चालणारी पाळणाघरं १९४६ मध्ये बहुतेक ठिकाणी बंद झाली. कामगारांचे प्रचंड संप झाले, त्याला उत्तर म्हणून १९४७ मध्ये ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून युनियनांना वेसण घालणारा टॅफ्ट-हार्टली कायदा आला. ज्या ट्रुमन यांनी नागरी हक्क समिती नेमली, त्यांनीच मार्च १९४७ मध्ये सरकारी नोकरांच्या देशनिष्ठेची तपासणी सुरू केली. मुलांना हे अवघडू द्या. एकाच काळात, एकाच माणसाच्या हातून दार उघडतं आणि दुसरं बंद होतं, हे बारावीच्या मुलांना नक्की समजतं. आपणच त्यांना सरळ रेषेतला इतिहास देतो.

आणि आता आपल्याकडचा धागा. २ जुलै १९४६ रोजी ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. त्यामुळे भारतीयांना अमेरिकन नागरिकत्व मिळवण्याचा हक्क आला, जो १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात नाकारला गेला होता. वर्षाला कोटा होता १०० जणांचा. आज तिकडे घर करून राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या वाटेवरची ही पहिली पायरी.

त्याच १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतले थोर कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रसंघाकडे दाद मागणार असल्याचं त्यांनी वाचलं होतं. त्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती, कारण भारतातले अस्पृश्यही तसाच विचार करत होते. दोन्ही समाजांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की तिकडचा अभ्यास आपल्याला आवश्यकच आहे, असं त्यांनी लिहिलं. ड्यू बॉइस यांनी ३१ जुलैला उत्तर पाठवलं. पाच वर्षांपूर्वी, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट उभी राहण्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता, हेही इथेच जोडून सांगा. सैन्यात बरोबरीने जागा मिळणं म्हणजे नागरिक म्हणून मान्यता मिळणं, हा विचार दोन्ही देशांत एकाच वेळी चालू होता. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन.

तेव्हा दोन तास काढा. पहिल्यात वुडर्ड ते 'ब्राउन' निकाल, दुसऱ्यात जीआय बिल आणि लेव्हिटटाउनचं ते कलम. केनेडी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्याकडे जाण्याची घाई नको. आंबेडकर आणि ड्यू बॉइस यांची ती दोन्ही पत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येतात. प्रत्येकी जेमतेम एक पान. त्यांच्या प्रती काढा आणि तास सुरू होण्याआधी मुलांच्या हातात द्या.