कामाची जागा

राजस्थानातील जयपूर जिल्ह्यात भटेरी नावाचे गाव आहे. तेथील भंवरी देवी राज्य सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करीत असत. बालविवाह रोखणे हा त्यांच्या कामाचाच भाग होता. १९९२ साली एका तान्ह्या मुलीचा विवाह थांबविण्याचा त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा गावातील प्रबळ मंडळी त्यांच्यावर चिडली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात, शेतात आपल्यावर सामूहिक बलात्कार झाल्याची फिर्याद त्यांनी नोंदविली. १९९५ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून मुक्त केले.

शेतात ना कचेरी होती, ना साहेब. मात्र ज्या कामामुळे हा प्रसंग ओढवला, ते काम सरकारचे होते. मग काम करणाऱ्या स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? हाच प्रश्न घेऊन ‘विशाखा’ आणि अन्य महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कामाच्या ठिकाणी होणारा लैंगिक छळ हा समानतेच्या व सन्मानाने जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्णय न्यायालयाने १३ ऑगस्ट १९९७ रोजी दिला. छळ रोखणे ही मालकाची जबाबदारी ठरवून मार्गदर्शक तत्त्वेही घालून दिली. संसदेने कायदा करावयास मात्र २०१३ साल उजाडले. सोळा वर्षांच्या या विलंबाचे समर्थन करणे कठीण आहे.

या कायद्यात कामाच्या जागेचा अर्थ व्यापक आहे. कारखाना, रुग्णालय, शाळा तर आल्याच. परंतु कामानिमित्त जेथे जावे लागते ती जागा, मालकाने पुरविलेले वाहन आणि घरकाम करणारी स्त्री जेथे भांडी घासते ते घरही त्यात येते. नकोसा स्पर्श, शरीरसुखाची मागणी, अश्लील शेरे, अश्लील चित्रे दाखविणे हा सारा छळच होय. ‘मी तर गंमत केली’ हा बचाव येथे अपुरा पडतो. कारण ते वर्तन त्या स्त्रीला नकोसे होते की नाही, हे पाहावयाचे असते.

जेथे दहा किंवा अधिक माणसे काम करतात, तेथे अंतर्गत समिती असावी लागते व तिची अध्यक्ष स्त्रीच असते. त्याहून लहान ठिकाणी काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या किंवा खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असलेल्या स्त्रीसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावयाची असते. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. ज्या स्त्रीला लिहिता येत नाही, तिला ही अट अडचणीची वाटेल. परंतु लेखी तक्रार देणे शक्य नसेल, तर ती लिहून घेण्यास साहाय्य करणे समितीवर कायद्याने बंधनकारक आहे.