थकल्या पायांचा नेम

माघ वद्य नवमीला दासनवमी म्हणतात. समर्थ रामदासस्वामींनी १६८२ साली या तिथीला सज्जनगडावर देह ठेवला. त्या दिवशी गडावर मोठी गर्दी असते. सातारा तर जवळच आहे. पण सांगलीकडूनही पुष्कळ माणसे येतात. आता मोटारीचा रस्ता झाला आहे. मोटार गडाच्या अंगाशी नेऊन सोडते. मग शेवटच्या पायऱ्या तेवढ्या चढायच्या. तरी पायथ्याच्या परळी गावापासून पायी चढणारे लोक अजून आहेत.

आमच्या गावचे आबा त्यांतलेच. आमचे गाव तासगाव तालुक्यात आहे. आबांची दीड एकर द्राक्षबाग. वय सहासष्ट. दर दासनवमीला ते परळीपासून गड चढत. बावीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. कोणी मोटारीने वर गेला की आबा हसत. म्हणत, "मोटारीनं देवाला गेलं, की पुण्य मोटारीला लागतंय. माणसाला काय मिळणार?"

गेल्या साली एप्रिलच्या छाटणीत आबा बांधावरून घसरले. उजवा गुडघा मुरगळला. हाड मोडले नव्हते. गुडघ्याच्या आत दोरासारखे बंध असतात, ते दुखावले होते. डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, "बंध भरून येतील. पण गुडघा झिजलेला आहे. वयानं झिजतो. पूर्वीसारखा चढ-उतार आता जपून."

सहा आठवडे झाले. सूज उतरली. पण आबा काही उठेनात. सोप्यात घोंगडे टाकून बसून राहिले. काकू मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही तरी सांगा. आधी बागंत दिवसभर पाय ठरत नव्हता. आता पाण्याचा तांब्यापण हातात द्यावा लागतोय. साखर वाढलीया."

मी गेलो. आबा म्हणाले, "गड बंद झाला, मास्तर. आता चालून तरी कुठं जायाचं?"

आबांचे खरे दुखणे हेच होते. गुडघा पन्नास टक्के बरा होता. आबांनी मात्र चालणे शंभर टक्के सोडले होते. चढला तर सगळा गड, नाहीतर उंबराही ओलांडायचा नाही! पुष्कळ माणसांचे असे होते. धडधाकट होतो तेव्हा बांधलेला नेम आपण पुढे बदलत नाही. तो जमेना झाला की रागाने मोडून टाकतो.

बसून राहण्याची किंमत मोठी असते. तिशी-चाळिशीनंतर आपले स्नायू, म्हणजे अंगातले मांस, हळूहळू कमी होते. साठीनंतर जास्त होते. त्यात माणूस खाटेला खिळला तर ते फार लवकर उतरते. मांडीचे मांस उतरले की गुडघ्यावरचा भार वाढतो. भार वाढला की दुखते. दुखते म्हणून माणूस आणखी बसतो. विहिरीत उतरणाऱ्या पायऱ्यांसारखे आहे हे. एकेक पायरी खालीच जाते.

आबांच्या वडिलांच्या तोंडी विनोबांचे नाव नेहमी असे. म्हणून मी त्यांना विनोबांच्या चालण्याची गोष्ट सांगितली. ती आपल्या वाईपासूनच सुरू होते.

विनोबा भाव्यांचा जन्म १८९५ चा. १९१७ साली गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला आले. प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी शिकू लागले. प्रकृती बरी नव्हती. ती सुधारावी म्हणून रोज दहा-बारा मैल चालत. पुढे जात्यावर धान्य दळू लागले. मग सूर्यनमस्कार घालू लागले. गडकिल्लेही पायी पाहिले. तेव्हा वय होते बावीस.

१९३८ साली ते बेचाळीस वर्षांचे होते. प्रकृती पार ढासळली. अंगावर मांस उरले नाही. गांधीजींनी हवापालट करायला सांगितले. विनोबा वर्ध्याजवळ पवनारला जाऊन राहिले. आता पाहा, एके काळी बारा मैल चालणारा हा माणूस. त्याने पहिल्या दिवशी काय केले? कुदळ घेऊन फक्त काही मिनिटे खणले. दुसऱ्या दिवशी थोडे जास्त. असे वाढवत वाढवत काही महिन्यांनी ते तासन्‌तास खणू लागले. वजन भरून आले.

१९५१ साली, पंचावन्नाव्या वर्षी, भूदानासाठी ते पायी निघाले. जवळजवळ तेरा वर्षे देशभर चालले. पुढे सत्तरी आली. १९६५ पासून बिहारात त्यांनी मोटारीने यात्रा केली. ज्याची पदयात्रा साऱ्या जगाला ठाऊक, तो माणूस मोटारीत बसला. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. काम गावोगाव पोहोचण्याचे होते. आणि १९७० मध्ये त्यांनी ठरवले, की आता पवनार सोडून कुठे जायचे नाही. तिथेही ते रिकामे बसत नसत. आश्रमाचे अंगण झाडत, पालापाचोळा वेचत.

आबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "काही मिंटंच खणलं म्हणता पयल्या दिशी?"

"होय, आबा."

"मग मी गोठ्यापर्यंत जाऊन येतो." आणि उठले.

सोप्यापासून गोठा पंचवीस पावले. पहिला आठवडा तेवढेच, पण दिवसातून चार वेळा. दुसऱ्या आठवड्यात मारुतीचे देऊळ. मग ओढ्यावरचा पूल. गावातली एक मुलगी मिरजेला फिजिओथेरपी शिकते. म्हणजे व्यायामाने दुखणे बरे करण्याची विद्या. ती सुटीत आली होती. तिने आबांना पाहिले आणि हसली. "आजोबा, काठी चुकीच्या हातात आहे!"

आपल्यापैकी ज्यांचा गुडघा दुखतो, त्यांनी हा भाग दोनदा वाचावा. आबांचा उजवा गुडघा दुखत होता, म्हणून त्यांनी काठी उजव्या हातात धरली होती. आपण सगळे असेच करतो. पण ती धरायची डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची. म्हणजे थोडा भार काठीकडे जातो. पायऱ्यांचे असे, की चढताना चांगला पाय आधी वर ठेवायचा. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी खाली.

तिने आणखी दोन गोष्टी शिकवल्या. खुर्चीवर बसायचे आणि हात न टेकता उठायचे. जमेल तितक्या वेळा, पुढे दहा वेळा. त्याने मांडीत बळ येते. दुसरे, भिंतीला हात लावून एका पायावर उभे राहायचे. त्याने तोल सुधारतो. म्हातारपणी पडण्याची भीती मोठी. तोल सांभाळता आला तर ती कमी होते. काकूंनीही पदर खोचून हे सुरू केले. त्यांचा तोल आबांहून चांगला निघाला, हे आबांना फारसे आवडले नाही.

किती चालायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे, की मोठ्या माणसाने, पासष्टी उलटलेल्यानेही, आठवड्यात निदान दीडशे मिनिटे जरा झपझप चालावे किंवा तसे काम करावे. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास. सलग जमत नसेल तर दहा दहा मिनिटांचे तीन तुकडे केले तरी चालतात. ज्याला तेवढेही होत नाही, त्याने होईल तितके चालावे. चाल बरोबर आहे की नाही हे घड्याळाशिवाय कळते. सोबत्याशी बोलता आले, पण अभंग सुरात म्हणता येईना, तर चाल ठीक. बोलतानाच धाप लागली तर वेग कमी करा.

श्रावण आला. आबा रोज तीन किलोमीटर चालू लागले होते. अंगात जोर आला, आणि तिथेच घात झाला. सोमवारी गावची पोरे दंडोबाच्या डोंगरावर निघाली होती. मिरजेकडचा हा डोंगर. वर लेण्यात महादेव आहे. आबा कोणाला न सांगता त्यांच्याबरोबर गेले. चढले छान. उतरताना पोरांच्या पायाला पाय लावून भराभर उतरले. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा!

लोकांना वाटते चढ वाईट. चढात छाती भरते, म्हणून तसे वाटते. गुडघ्याला खरा वाईट असतो तो उतार. पायरी उतरताना गुडघ्यावर आपल्या वजनाच्या तीन-साडेतीन पट भार येतो. सत्तर किलोचा माणूस असेल तर दोनशे किलोंच्या वर झाला. म्हणून झिजलेल्या गुडघ्याने चढावे पायी आणि सोय असेल तर उतरावे गाडीने. नाहीतर काठी घेऊन, आडवे-तिडवे, सावकाश उतरावे. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर मोटाररस्ता आहे. तिथे हे सहज जमते. सांगलीच्या माणसाला तर आमराई आहे, सपाट आणि सावलीची. चढ मिळत नाही म्हणून कोणी रुसू नये.

दंडोबापायी आबांचे पंधरा दिवस गेले. पण एक खूण कळली. चालल्यावर थोडे दुखले आणि रात्रीत थांबले, तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आली किंवा दुखणे वाढले, तर काल जास्त झाले. मग मागच्या पायरीवर यायचे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. मात्र चालताना छातीत दुखले, दडपण आले, डाव्या हातात कळ गेली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ती गुडघ्याची गोष्ट नव्हे. तिथेच बसावे आणि १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी. साखर असलेल्याने घरी आल्यावर तळपाय रोज पाहावेत. अशा पायाला फोड आला तरी कळत नाही. पुढे तो चिघळतो. अनवाणी चालण्याचा नवस अशा माणसाने बोलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेम बदलायला दुखणेच लागते असे नाही. आमच्या काकूंचेच पाहा. लग्नाआधीपासून त्या माहेरच्या दिंडीबरोबर आषाढी वारी करीत. आळंदी ते पंढरपूर, जवळपास अडीचशे किलोमीटर. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. अठरा-वीस दिवस घर सोडणे शक्य नव्हते. काकू रडल्या नाहीत की नवऱ्याशी भांडल्या नाहीत. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंदला मुक्काम असतो. पुढे चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते आणि तरडगावचा मुक्काम येतो. काकू लोणंदला जाऊन पालखी गाठत. रिंगण पाहत, तरडगावापर्यंत चालत आणि रात्री घरी परत. अकरा वर्षे त्यांची वारी एवढीच होती. सासूबाई गेल्यावर लोक म्हणाले, आता पुरी वारी करा. काकू म्हणाल्या, "आता माझं वय त्या मजलांचं न्हाई. लोणंद ते फलटण करीन." आबांनी इतकी वर्षे घरातच हे पाहिले, पण त्यांच्या ध्यानात आले नव्हते. घरच्या बाईकडून शिकावे असे पुरुषाला सहसा सुचत नाही.

माघ जवळ आला तसे आबा अस्वस्थ झाले. एके संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, परळीपासून होणार न्हाई. चढीन मी. पण उतरायचं काय? आणि पुन्हा सूज आली तर ऐन मालाच्या दिवसांत बाग कोण बघणार?" आबा असा हिशेब करू लागले, तेव्हाच मला वाटले की गुडघा आता बरा होणार.

दासनवमीच्या पहाटे आम्ही गावातून जीपने निघालो. आबा, काकू, मी आणि दोन पोरे. पोरे परळीला उतरून चढू लागली. जीप निघाली तेव्हा आबांनी खिडकीतून मान बाहेर काढली आणि पायवाट दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले. काही बोलले नाहीत. आम्हीही बोललो नाही.

वर गाडी थांबली. आबांनी काठी डाव्या हातात घेतली. चांगला पाय आधी, मग काठी आणि दुखरा पाय. प्रत्येक वळणावर ते थांबत. पूर्वी थांबायचे नाहीत, म्हणून त्यांना दिसलेही नव्हते. खाली उरमोडी धरणाचे पाणी चकाकत होते. "हे एवढं पाणी दिसतंय व्हय हितनं?" ते म्हणाले. काकूंनी पिशवीतून गुळाचा खडा काढून दिला. दुसऱ्या दरवाजाशी आम्ही पोचलो, तोवर परळीहून निघालेली पोरे धापा टाकत मागून आली. समाधीचे दर्शन आम्ही सगळ्यांनी मिळून घेतले.

उतरताना सर्वांत जास्त वेळ लागला. काठी आणि दुखरा पाय आधी. आबा एकदाही घाई करायला गेले नाहीत. जीपमध्ये बसल्यावर त्यांनी गुडघ्यावर हात फिरवून पाहिला.

एका पोराने मुद्दाम विचारले, "आबा, आज पुण्य कुणाला लागलं? मोटारीला का तुम्हांला?"

आबा म्हणाले, "निम्मं निम्मं." मग थोडे थांबून काकूंकडे पाहत म्हणाले, "आषाढात लोणंदला ही चालंल, मी गाडीनं तरडगावला पुढं जाऊन थांबीन. शेवटचा मैलभर हिच्याबरोबर चालंन म्हणतो."

"आधी उद्या सकाळी गुडघा बघू," काकू म्हणाल्या.