काल्पनिक जगाला आवाज कुणाचा? भूमिका-खेळांसाठी संगीतकार आणि संगीतशैली कशी निवडावी



आजचा पाठ व्हिडिओ गेमच्या संगीतावर आहे, आणि तोही एका खास प्रकारच्या गेमच्या. जादू, राक्षस, पडकी राज्यं, जुने शाप असं एक काल्पनिक जग असतं. खेळणारा त्यातल्या एका पात्राची भूमिका घेतो आणि पन्नास-साठ तास त्या जगात वावरतो. अशा गेमना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. सोयीसाठी आपण त्यांना भूमिका-खेळ म्हणू. अशा खेळासाठी संगीत कोणत्या शैलीचं घ्यावं आणि ते कुणाकडून करून घ्यावं, हा आजचा प्रश्न.

आता तुम्ही म्हणाल, "सर, यात ठरवायचं काय? मोठा वाद्यवृंद घ्यायचा, शंभर जणांचा समूहस्वर लावायचा, धडाधड ढोल वाजवायचे. झालं की!" नेमकं हेच बऱ्याच ठिकाणी होतं आणि म्हणून अनेक गेम कानाला सारखेच वाटतात. डोळे मिटले तर आपण कोणत्या जगात आहोत हे कळत नाही.

म्हणून आजच्या पाठाचा मुद्दा आधीच सांगून ठेवतो. आधी जग ओळखा, मग शैली ठरवा आणि माणूस शेवटी निवडा. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आधी मोठं नाव आणलं आणि मग त्याला जग समजावत बसलो, की पैसा जातो आणि खेळणारा दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून खेळायला लागतो.

१. सुरुवातीला थोडं गणित

चित्रपटातली धून आपण एकदा ऐकतो. गेममधली धून संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. समजा, एका जंगलासाठी २ मिनिटांची धून केली आहे आणि खेळणारा त्या जंगलात एकूण १० तास घालवतो. १० तास म्हणजे ६०० मिनिटं. म्हणजे तीच धून तो ३०० वेळा ऐकणार!

३०० वेळा ऐकून न कंटाळवणारी धून कशी असते? तिच्यात मोकळी जागा असते. ठसठशीत चाल पहिल्यांदा ऐकताना छान वाटते, पण पन्नासाव्या वेळी टोचायला लागते. म्हणून प्रवासाचं संगीत मंद आणि थोडं विस्कळीत ठेवतात. ठसठशीत चाल मुख्य शीर्षकासाठी, महत्त्वाच्या लढाईसाठी किंवा एखाद्या पात्राच्या प्रवेशासाठी राखून ठेवतात. कोणत्याही संगीतकाराचं काम ऐकताना हा हिशेब डोक्यात असू द्या. त्याची नमुन्याची धून एकदा ऐकून वाहवा करू नका, सलग वीस वेळा लावून बघा.

२. यंत्र काय पेलतं?

१९८६ साली जपानमध्ये एनिक्स कंपनीचा 'ड्रॅगन क्वेस्ट' आला. त्याचं संगीत कोइचि सुगियामा यांचं होतं. ते तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते आणि दूरदर्शन, जाहिराती, गाणी यांत मुरलेले होते. एनिक्सच्या शोगी या जपानी बुद्धिबळाच्या गेमबद्दल त्यांनी अभिप्रायाचं कार्ड भरून पाठवलं आणि त्यातून कंपनीशी ओळख झाली.

ज्या फॅमिकॉम यंत्रावर हा खेळ चालायचा, त्यात आवाजाच्या पाचच वाहिन्या होत्या. त्यांपैकी सूर काढायला प्रत्यक्षात तीन. चौथी खरखरीची, पाचवी छोट्या ध्वनिमुद्रित तुकड्यांची. एवढ्यात वाद्यवृंद कसा बसवणार?

सुगियामांनी युरोपच्या बरोक काळातल्या संगीताचं वळण घेतलं. त्या शैलीत दोन स्वतंत्र चाली एकमेकींना उत्तर देत पुढे जातात आणि त्या दोघींतूनच भरल्यासारखा परिणाम होतो. म्हणजे शैली राजवाड्याच्या चित्राला शोभली आणि यंत्रालाही पेलली. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, या खेळांचं संगीत टोकियोत खऱ्या वाद्यवृंदावर वाजलं.

हेच १९९४ च्या 'फायनल फॅन्टसी ६' मध्ये दिसतं. तेव्हाच्या सुपर फॅमिकॉमवर आठ वाहिन्या होत्या आणि आवाजासाठी फक्त ६४ किलोबाइट जागा. नोबुओ उएमात्सु यांनी त्यात चक्क एक ऑपेरा बसवला. खरा गळा वापरणं शक्य नव्हतं, म्हणून गाणं कृत्रिम स्वरात वाजतं आणि शब्द पडद्यावर येतात. तरी आजही लोक तो प्रसंग आठवतात.

तुम्ही म्हणाल, आजच्या यंत्रांना असं बंधन कुठे आहे? आहे, फक्त ते बदललंय. आज बंधन पैशांचं आणि वेळेचं आहे. पाच जणांच्या टीमला साठ वादकांचा वृंद परवडत नाही. मग संगणकावरचा नकली वृंद घ्यायचा की खरी दोनच वाद्यं? बहुतेक वेळा खरी दोन वाद्यं जास्त जिवंत वाटतात.

३. हे जग नेमकं कुठलं?

काल्पनिक म्हटलं तरी प्रत्येक जगाची मुळं कुठेतरी असतात. ती शोधली की शैली सापडते.

पोलंडचा 'द विचर ३' (२०१५) घ्या. मूळ कथा पोलिश लेखक आंद्रेइ सापकोव्स्की यांच्या. त्यातली भुतंखेतं पूर्व युरोपच्या लोककथांतली, गावं चिखलाची, माणसं युद्धानं पिचलेली. संगीतकार मार्चिन प्शिबिवोविच आणि मिकोवाय स्त्रोइन्स्की यांनी पर्सिव्हल या पोलिश लोकसंगीताच्या गटाला सोबत घेतलं. लढाई सुरू झाली की मोकळ्या गळ्यानं, जवळजवळ किंचाळत गाणाऱ्या बायकांचा आवाज येतो. अंगावर काटा येतो, कारण हा आवाज त्या मातीतला आहे. पुढे नायक समुद्रातल्या बेटांवर जातो, तेव्हा संगीताला स्कॉटिश-आयरिश वळण मिळतं. नकाशा न बघताही कानाला कळतं की प्रदेश बदलला.

अमेरिकेचा 'स्कायरिम' (२०११) वेगळ्या वाटेनं गेला. त्याच्या मुख्य धूनमध्ये पुरुषांचा समूहस्वर आहे आणि तो गातो खास त्या खेळासाठी बनवलेल्या ड्रॅगनच्या भाषेत. साधारण तीस गायकांचं गाणं तीनदा मुद्रित करून एकावर एक रचलं आणि नव्वद जणांचा भास निर्माण केला. संगीतकार जेरेमी सोल यांनी याच मालिकेतल्या २००२ च्या 'मॉरोविंड'ची ओळखीची चालही त्यात गुंफली. जुना खेळाडू ती ऐकतो आणि त्याला घरी आल्यासारखं वाटतं.

तिसरी वाट २०१० च्या 'निअर' या जपानी खेळाची. त्याचे मुख्य संगीतकार केइचि ओकाबे. गायिका एमी इव्हान्स यांनी खऱ्या भाषांच्या नादावरून काल्पनिक भाषा रचल्या आणि त्यांत गायलं. शब्द कुणालाच कळत नाहीत, पण दुःख कळतं.

तीन वाटा लक्षात ठेवा: मातीतलं लोकसंगीत, रचलेल्या भाषेतला समूहस्वर आणि अर्थ नसलेला एकटा गळा. तिन्ही ठिकाणी निवडीचं कारण जगात आहे. "लोकप्रिय आहे म्हणून घेतलं" असं उत्तर कुठेच नाही.

४. कुठे गप्प राहायचं?

हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विसरतात. २०११ च्या 'डार्क सोल्स'चे मुख्य संगीतकार मोतोइ साकुराबा. बराचसा वेळ त्या खेळात संगीतच नाही! तुमच्या पावलांचा आवाज, चिलखताची खणखण, दुरून येणारं गुरगुरणं, बस्स. मग एखादा मोठा शत्रू समोर येतो आणि वाद्यवृंद एकदम कोसळतो. सगळीकडे वाजत राहिलं असतं, तर हा धक्का बसलाच नसता. आणि शेवटच्या शत्रूशी लढताना? तिथे एकटा, उदास पियानो. समोरचा एक थकलेला राजा आहे, हे तो पियानो सांगतो.

म्हणून संगीतकाराला यादी देताना "इथे संगीत नको" अशा जागाही लिहून द्या.

५. आता माणूस निवडू

मोठं नाव म्हणजे योग्य नाव, असं समीकरण इतिहासात दिसत नाही. उएमात्सु स्वतःचं स्वतः शिकलेले. स्क्वेअर कंपनीशी संबंध आला तेव्हा ते गाणी भाड्यानं देणाऱ्या दुकानात काम करत होते. यासुनोरी मित्सुदा त्याच कंपनीत ध्वनिपरिणाम करायचे. संगीत करायला द्या, नाहीतर नोकरी सोडतो, असं त्यांनी वरिष्ठांना सांगितलं आणि त्यांना १९९५ चा 'क्रोनो ट्रिगर' मिळाला. संगीत अजरामर झालं. पण कामाच्या ताणानं मित्सुदांना पोटात अल्सर झाले आणि उरलेल्या काही धुना उएमात्सुंनी पूर्ण केल्या. संधी द्या, पण माणूस मोडेल इतकं काम एकट्यावर टाकू नका, हेही या गोष्टीतून शिकायचं.

बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचे जुने संगीतकार किरिल पोक्रोव्स्की २०१५ मध्ये वारले. त्यांच्यानंतर बल्गेरियाचे बोरिस्लाव्ह स्लाव्होव आले. 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' (२०१७) करताना त्यांनी पोक्रोव्स्कींची ओळखीची चाल मोडीत काढली नाही, नव्या संगीतात विणली. शिवाय या खेळात पात्र तयार करतानाच खेळाडू एक वाद्य निवडतो: चेलो, ऊद, तंबुरा किंवा चक्क बांसुरी. पुढे मोक्याच्या क्षणी तेच वाद्य वाजतं. (बाल्कन देशांत तंबुरा नावाचं चाल वाजवायचं तंतुवाद्य असतं. आपल्या तानपुऱ्याशी गल्लत करू नका.) त्यांच्याच 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) मध्ये एक सैतान लढता लढता स्वतःचंच गाणं गातो. नवा माणूस निवडताना हे बघा: आधीच्याचा मान राखून तो स्वतःचं काही आणतो का?

मग संगीतकार त्याच मातीतला हवा का? 'विचर'कडे बघून "हो" म्हणावंसं वाटतं. पण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' (२०२०) बघा. तो काटेकोर अर्थानं भूमिका-खेळ नाही, साहसी लढाईचा खेळ आहे. पण जग आपल्या पुराणांतलं: दुर्गा, विष्णू, असुर आणि भावाला शोधणारी एक मुलगी. संगीत मात्र ग्रीसच्या लिनोस त्झेलोस यांचं. म्हणजे जन्मगाव ही अट नाही. परकं संगीत शिकून घेण्याची तयारी आणि त्या वाद्यांचे खरे वादक सोबत घेण्याची वृत्ती, ही अट आहे.

६. एक उदाहरण सोडवून बघू

समजा, तुमचा खेळ मिठावर जगणाऱ्या बेटांचा आहे. समुद्रानं गिळलेलं एक जुनं शहर, मीठ गोळा करणारी माणसं, पाण्याखालून येणारे मृतांचे आवाज. टीम पाच जणांची, पैसे बेताचे.

* जग: वारा, लाटा, ओसाडपणा. राजवाडे नाहीत, म्हणून तुताऱ्यांचा वाद्यवृंद नको.
* वाद्यं: गजानं वाजवायचं एक तंतुवाद्य, चामड्याचं एक वाद्य आणि एक गळा.
* मुख्य चाल: पाच-सहा स्वरांची, गुणगुणता येईल अशी. गावात ती संथ, लढाईत वेगात, शेवटी फक्त गळ्यावर.
* लढाई: थरांची पद्धत वापरा. आधी फक्त ठेका, शत्रू जवळ आला की तंतुवाद्य, जीव कमी झाला की गळा. एफमॉड, वाइज यांसारखी सॉफ्टवेअर यासाठीच असतात.
* शांतता: बुडालेल्या शहरात संगीत नाही, फक्त पाण्याचा आवाज.

आता कोणता संगीतकार हवा हे आपोआप कळतं. कमी वाद्यांत काम करणारा, चालीला वेगवेगळी रूपं देणारा आणि थरांची पद्धत समजणारा. त्याला एका प्रसंगाची १ मिनिटाची चाचणी धून करायला सांगा, आणि हो, चाचणीचेही पैसे द्या.

७. कागदावर काय असावं?

मैत्रीत काम सुरू होतं आणि भांडणावर संपतं, कारण आधी काहीच लिहिलेलं नसतं. किती मिनिटांचं संगीत, मोबदला किती, बदल किती वेळा, हक्क कुणाकडे, अल्बम निघाला तर वाटणी कशी, हे पाच मुद्दे आधी लिहा. लोककलावंतांचा आवाज किंवा वाद्य वापरलं तर त्यांना मानधन द्या आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव द्या. "एका ग्रामीण गायिकेचा आवाज" असं लिहून चालणार नाही. तिला नाव आहे, आणि साठ तास खेळणाऱ्याच्या कानात तिचाच गळा राहणार आहे.

तुमच्यापैकी जो तबला, बासरी, पेटी शिकतोय आणि "गेमचं क्षेत्र आपलं नाही" असं समजतोय, त्यानं हा पाठ पुन्हा वाचावा. दुकानात काम करणारा उएमात्सु आणि ध्वनिपरिणाम करणारा मित्सुदा यांची दारं बाहेरून बंदच दिसत होती.

स्वाध्याय

१. तुमच्या आवडत्या खेळाचा एक भाग आवाज बंद करून खेळा. काय हरवलं, ते पाच ओळींत लिहा.

२. त्याच भागावर अगदी वेगळ्या शैलीचं संगीत लावून बघा. जग बदललं का?

३. स्वतःच्या कल्पनेतल्या एका जगासाठी वरच्यासारखी पाच मुद्द्यांची यादी करा. "संगीत नको" अशी किमान एक जागा त्यात हवीच.

४. तुमच्या गावात किंवा ओळखीत एखादं वाद्य खऱ्या अर्थानं वाजवणारं कोण आहे? त्यांना भेटा, पंधरा मिनिटं ऐका आणि हे वाद्य कोणत्या जगात शोभेल, ते लिहा.