जुन्या लहान अमेरिकी मोटारी आणि कारागिराचा हुनर

महाग माल लोक जपून ठेवतात आणि स्वस्त माल वापरून टाकून देतात, हा बाजाराचा जुना अनुभव आहे. त्यामुळे पुढे शाबूत नग शोधायला निघाले की महाग माल सापडतो, स्वस्त माल सापडत नाही. अमेरिकेत १९६०च्या सुमारास निघालेल्या लहान मोटारींचे असेच झाले. आज तेथील शौकीन त्या शोधून दुरुस्त करतात, सजवतात आणि त्यावर अनेक कारागिरांची घरे चालतात. आम्ही कापडाचे व्यापारी. मोटारीच्या गादीचे कापड हाही आमच्याच मालाचा एक प्रकार असल्याने या धंद्याकडे आमचे लक्ष गेले. त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आधी थोडा इतिहास पाहू. त्या काळी अमेरिकेत मोटार म्हणजे जवळजवळ १८ फूट लांबीचे धूड असे. नॅश कंपनीने १९५० साली रॅम्बलर ही लहान गाडी काढली. १९५८च्या मंदीत लोकांना पेट्रोलचा खर्च जाणवू लागला आणि जर्मनीची फोक्सवॅगन खपू लागली. तेव्हा मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या. १९५९ सालासाठी स्टुडबेकरने लार्क आणली. १९६० सालासाठी फोर्डने फाल्कन, शेव्हरोलेने कॉर्वेअर आणि क्रायस्लरने व्हॅलियंट काढली. फाल्कनची लांबी साधारण १५ फूट, इंजिन सहा सिलिंडरचे आणि ताकद ९० हॉर्सपॉवर. पुढे अमेरिकेचे संरक्षणमंत्री झालेले रॉबर्ट मॅक्नमारा यांनी ती पुढे रेटली. पहिल्याच वर्षी ती ४ लाख ३५ हजारांच्या आसपास खपली.

आता धंद्याची गोष्ट. फोर्डची १९६४ची प्रसिद्ध मस्टँग फाल्कनच्याच सांगाड्यावर बेतलेली होती. त्यामुळे मस्टँगसाठी नव्याने बनणारे कित्येक भाग फाल्कनलाही चालतात. म्हणजे फाल्कनवाल्याला मोठ्या बाजाराचा आयता आधार मिळाला. कॉर्वेअरचे तसे नाही. तिचे इंजिन मागे, हवेने थंड होणारे आणि ॲल्युमिनियमचे. दुसऱ्या कोणाचा भाग तिला सहसा बसत नाही. १९६९ साली ती बंद झाली, तोपर्यंत सुमारे १८ लाख बनल्या होत्या. एवढ्या गाड्यांमागे जी गरज उरली, तिच्यावर फक्त कॉर्वेअरचेच भाग करणारी दुकाने उभी राहिली. एकाच मालाचा पुरा जाणकार असलेला छोटा दुकानदार टिकतो, तो असा.

या धंद्यात गिऱ्हाईक दोन जातीचे. एकाला गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी असते. दुसऱ्याला जुन्या रूपात नवी सोय हवी असते: मोठे इंजिन, चांगले ब्रेक, आवडीचा रंग. दोघांचे काम वेगळे आणि हिशेबही वेगळा. गिऱ्हाईक यांपैकी कोणते, हे कात्री हाती घेण्यापूर्वी विचारून घ्यावे.

गादीचे काम पाहा. फाल्कनच्या दारावर एक पट्टी असते. तिच्यावर बाहेरचा रंग आणि आतली सजावट यांचे सांकेतिक आकडे कोरलेले असतात. चांगला कारागीर आधी ती पट्टी वाचतो. मग जुने कव्हर फाडून फेकत नाही; शिवण उसवून प्रत्येक तुकड्यावर खूण करतो आणि त्यावरूनच नवा तुकडा बेततो. रेक्झीन किंवा कापड सगळ्या गाडीला पुरेल इतके एकाच लॉटचे घेतो, कारण दुसऱ्या लॉटमध्ये रंगाचा फरक उन्हात लगेच दिसतो. लवीची दिशाही सर्वत्र एकच ठेवतो. काम संपले तरी जुने तुकडे मालकाच्या हवाली करतो, कारण ती मालकाची अमानत आहे.

पत्र्याचे काम याहून जोखमीचे. फाल्कन आणि व्हॅलियंट यांना वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हाच गाडीचा कणा. फाल्कनमध्ये पुढच्या काचेखाली हवा घेण्याची पोकळी आहे. तेथे पाणी साचून पत्रा गंजतो, पाणी आत ठिबकते आणि तळही सडतो. वरून लांबी भरून रंग मारणारा डेंटर गाडी चमकवून देईल, पण बसणाऱ्यांचा जीव धोक्यात घालील. ब्रेकचेही तसेच. त्या काळच्या फाल्कनला एकाच नळीचा मास्टर सिलिंडर असे. नळी कोठेही फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. म्हणून अस्सलपणाचा हट्ट धरणारे पुष्कळ शौकीनही येथे मात्र दुहेरी सिलिंडर बसवून घेतात.

वस्तू जाणून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये, याचा दाखला कॉर्वेअरचा. सुरुवातीच्या कॉर्वेअरच्या पुढच्या टायरमध्ये १५ आणि मागच्यांत २६ पौंड हवा भरायची, असे कंपनीचे सांगणे होते. चारही चाकांत सारखी हवा भरली तर गाडीचा तोल बिघडे. राल्फ नेडर यांनी १९६५ साली आपल्या पुस्तकात या गाडीवर जी टीका केली, तीत हा मुद्दाही होता.

आणि शेवटी सचोटी. अस्सल गाडीला भाव जास्त मिळतो, म्हणून नव्या भागाला जुना म्हणण्याचा मोह होतो. जाणकार गिऱ्हाईक पट्टीवरचे आकडे ताडून पाहतो आणि लबाडी उघडी पडते. कोणता भाग जुना, कोणता नवा, हे पावतीवर लिहून द्यावे. त्याने एखादा सौदा हातचा जाईल, पण नाव राहील.

आपल्याकडेही वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात डॉज आणि प्लायमाऊथ गाड्या जोडल्या होत्या. जुन्या गाडीची गादी हाताने भरणारा, पत्रा ठोकून आकाराला आणणारा कारागीर आपल्या मोहल्ल्यात अजून सापडतो. त्याचा मुलगा मात्र दुसरी वाट पाहतो, कारण बापाच्या हुनराला कोणी दाम देत नाही. दाम मिळायचा तर काम मोजून, लिहून आणि नमुना जपून करावे लागेल. अमेरिकेतील कारागिराने स्वस्त गाडीतून रोजी काढली, ती याच शिस्तीने. आपल्या कारागिरांनी आजपासून निदान दोन गोष्टी कराव्यात: उसवलेला प्रत्येक नमुना खूण करून ठेवावा आणि केलेल्या कामाची वही ठेवावी. पुढच्या पिढीला द्यायला ही पुंजी पुष्कळ आहे.