कुंडींतील मांसल वनस्पति व त्यांची निगा

घरीं चार कुंड्या असाव्या असें पुष्कळांस वाटतें. परंतु जागा थोडी, पाणी बेताचें, आणि मे महिन्याच्या सुटींत सर्व कुटुंब गांवीं जावयाचें, ही अडचण असते. अशा घरांस आम्ही कोरफड, पानफुटी, निवडुंग इत्यादि मांसल वनस्पति सुचवितों. त्या आपल्या जाड पानांत अथवा खोडांत पाण्याचा सांठा करून ठेवितात.

त्यांच्या काटकसरीचें रहस्य मनोरंजक आहे. बहुतेक झाडें आपलीं पर्णरंध्रें दिवसा उघडतात. त्यांतून कर्बद्विप्राणिद वायु आंत येतो, पण पुष्कळ पाणी वाफ होऊन निघून जातें. यांपैकीं बहुतेक वनस्पति मात्र तीं रात्रींच्या गारव्यांत उघडतात, घेतलेला वायु अम्लाच्या रूपानें सांठवितात, व दिवसा रंध्रें मिटून सूर्यप्रकाशांत त्याचें अन्न बनवितात. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत मद्रासकडे असलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांस पानफुटीचें पान सकाळीं आंबट, दुपारीं बेचव व संध्याकाळीं किंचित् कडवट लागलें. त्यांचें हें निरीक्षण लंडनच्या लिनीअन सोसायटीनें १८१५ सालीं प्रसिद्ध केलें. विद्यार्थ्यांनीं मात्र हा प्रयोग जिभेवर करूं नये. त्या पानांत विषारी द्रव्यें असतात.

आतां निगेचा विचार करूं. हीं झाडें तहानेनें क्वचित् मरतात. बहुधा मरतात तीं अति पाण्यानें. मुळांस पाण्याइतकीच हवेची गरज असते. माती सदा ओली राहिली, कीं तिच्यांतील हवा नाहींशी होऊन मुळें कुजूं लागतात. म्हणून कुंडी मातीची व बुडाशीं भोंक असलेली घ्यावी. भोंकावर खापरी ठेवावी. आणि बागेच्या मातींत निम्मी जाडी वाळू व थोडा विटांचा चुरा मिसळावा. बोट दोन पेरें खुपसून पाहावें; माती कोरडी लागली तरच भरपूर पाणी घालावें, आणि बशींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. पावसाळ्यांत, विशेषतः कोंकणांत, कुंड्या वळचणीच्या आंत घ्याव्या. सावलींतील झाड एकदम कडक उन्हांत ठेवूं नये; तें भाजतें.

पानें सुरकुतलीं व माती कोरडी असली, तर झाड तहानेलें आहे. पानें पिवळीं, मऊ व पाणचट झालीं, तर मूळ कुजत आहे असें समजावें. तेव्हां पाणी बंद करून झाड उपटावें, कुजका भाग कापावा, आणि जखम चार-सहा दिवस सुकवून नव्या मातींत लावावें.

रोपें विकत घेण्याची गरज नाहीं. कोरफडीचीं पिलें वेगळीं करून लावावीं. पानफुटीचें पान ओलसर वाळूवर ठेविलें असतां त्याच्या कडेच्या खांचांतून रोपें फुटतात. निवडुंगाची फांदी वरीलप्रमाणें सुकवून लावावी. मात्र त्रिधारी निवडुंग व शेर यांचा चीक डोळ्यांत गेल्यास फार दाह होतो, म्हणून लहान मुलांस त्यांपासून दूर ठेवावें.

पालकांस आमची विनंति अशी, कीं एक कुंडी मुलाच्याच स्वाधीन करावी. रोज पाणी घालणें सोपें आहे. गरज पाहून हात आवरणें कठीण आहे. तो धडा ही मुकी वनस्पति उत्तम शिकविते.